तोयामाची ट्राम : ओसरत्या शहराने चालवलेल्या सेवेचे परीक्षण

नगररचनेच्या आराखड्याचे परीक्षण सहसा करता येत नाही, कारण तो खरा ठरतो की खोटा हे कळायला वीस वर्षे जातात आणि तोवर तो करणारे निवृत्त झालेले असतात. जपान समुद्राच्या काठचे तोयामा हे शहर याला अपवाद आहे. लोकसंख्या घटत जाणार हे गृहीत धरून केलेला तिथला आराखडा दर पंधरा मिनिटांनी थांब्यावर येऊन उभा राहतो, त्यात चढता येते आणि उतरताना त्याचे पैसेही मोजावे लागतात. त्यामुळे एरवी उपाहारगृहाला किंवा बससेवेला जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारता येतात : वेळेवर मिळते का, परवडते का, आणि पुन्हा यावेसे वाटते का.

तोक्योहून होकुरिकू शिंकानसेन या बुलेट ट्रेनने साधारण सव्वादोन तासांत तोयामाला पोहोचता येते. शिंकानसेनच्या फाटकातून बाहेर पडून सरळ चालत गेले की त्याच छताखाली ट्रामचा थांबा लागतो. जिना नाही, रस्ता ओलांडणे नाही, पाऊस किंवा बर्फ अंगावर घेणे नाही. ही सोय तशी अलीकडची आहे. रेल्वेच्या जमिनीवरच्या रुळांनी या शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे केले होते आणि ट्रामही दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या धावत होत्या. शिंकानसेन २०१५ मध्ये आली, स्थानक उंचावर गेले, आणि मार्च २०२० मध्ये दोन्ही बाजूंच्या ट्राम स्थानकाच्या पोटातून एकमेकींना जोडल्या गेल्या. ज्याने कधी मोठ्या स्थानकाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सामान घेऊन जाण्यासाठी पादचारी पूल चढला आहे, त्याला या एका कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

उत्तरेकडच्या मार्गाला पोर्टराम म्हणतात. स्थानकापासून इवासेहामा या जुन्या बंदरभागापर्यंत तो साडेसात किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. गाड्या दोन डब्यांच्या, पांढऱ्या, आणि प्रत्येकीवर इंद्रधनुष्यातल्या सात रंगांपैकी एकेक रंग. डब्याची जमीन फलाटाच्या पातळीत असल्याने काठी टेकत येणारी व्यक्ती, बाबागाडी ढकलणारी आई आणि चाकांची खुर्ची हे सगळे एकाच दाराने, कोणाचीही मदत न मागता आत येतात. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकून उतरायचे. नोट असेल तर ती त्याच यंत्रात आधी मोडून घ्यायची. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोणी जागेवरून उठत नाही, आणि म्हातारी माणसे सावकाश सुटे पैसे मोजत असताना मागचा माणूस घड्याळ पाहत नाही. काही थांब्यांवरच्या बाकड्यांवर लहानशा पाट्या आहेत, कारण ती बाकडी नागरिकांनी वर्गणी देऊन बसवलेली आहेत. आपल्याकडेही बसथांब्यांवर नावे असतात, पण ती बहुधा आमदारनिधीची असतात.

शेवटच्या इवासेहामा थांब्यावर जे पाहिले ते मला या सगळ्या सेवेतले सर्वांत शहाणपणाचे वाटले. ट्राम जिथे थांबते त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला पुढच्या वस्त्यांकडे जाणारी छोटी बस उभी असते. प्रवासी चार पावले चालून ट्राममधून बसमध्ये बसतो. बस आणि ट्राम यांचे वेळापत्रक जुळवणे हे कागदावर सोपे वाटते, परंतु ज्या शहरात बसचे खाते वेगळे आणि रेल्वेचे मालक वेगळे, तिथे ते किती दशके रेंगाळू शकते हे आपण जाणतो.

हा मार्ग मुळात नवा नाही. १९२४ मध्ये सुरू झालेली ही छोटी रेल्वे पुढे राष्ट्रीय रेल्वेकडे आणि खासगीकरणानंतर जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीकडे गेली. तोटा वाढला म्हणून फेऱ्या कमी केल्या, फेऱ्या कमी झाल्या म्हणून प्रवासी घटले, प्रवासी घटले म्हणून तोटा आणखी वाढला. अर्धा तास ते तासभर ताटकळल्यावर एखादी गाडी यायची आणि रात्री नऊच्या सुमारास शेवटची निघून जायची. शिंकानसेनसाठी स्थानक उंच करायचे ठरले तेव्हा या मरत्या मार्गासाठीही पूल बांधायचा का, असा प्रश्न आला. मार्ग बंद करून बस चालवणे सर्वांत स्वस्त होते. तत्कालीन महापौर मासाशी मोरी यांनी (ते २००२ ते २०२१ या काळात त्या पदावर होते) उलटा निर्णय घेतला. स्थानकाजवळचा सुमारे १.१ किलोमीटरचा तुकडा रस्त्यावरून नव्याने काढला, उरलेले जुने रूळ ठेवले, थांबे वाढवले, आणि २९ एप्रिल २००६ रोजी ट्राम सुरू केली. दिवसा दर पंधरा मिनिटांनी, सकाळच्या गर्दीत दहा मिनिटांनी, आणि शेवटची गाडी रात्री अकरानंतर. भाडे सरसकट २०० येन ठेवले, आणि पहिले काही महिने दुपारच्या वेळी व सुट्टीच्या दिवशी तेही निम्मे केले.

तोयामाची जुनी ओळख औषधविक्यांची. एदो काळापासून, म्हणजे काही शतकांपासून, हे फिरते विक्रेते घरोघरी औषधांची पेटी ठेवून जात आणि पुढच्या खेपेला जितके वापरले असेल तितक्याचेच पैसे घेत. महापालिकेने ट्रामच्या बाबतीत नेमके तेच केले : आधी फेऱ्यांची पेटी लोकांच्या दाराशी ठेवली आणि मग हिशेब मांडला. पहिल्याच वर्षी कामाच्या दिवसांतले प्रवासी जुन्या रेल्वेच्या दुपटीहून अधिक झाले, सुट्टीच्या दिवशी तिपटीहून अधिक. नवे प्रवासी सगळेच मोटार सोडून आले नव्हते. त्यांतल्या बऱ्याच जणांचा, विशेषतः वृद्धांचा, हा प्रवास आधी होतच नव्हता, कारण ते घराबाहेर पडत नव्हते. वाहतूक अभियंत्याच्या दृष्टीने ही वाढीव मागणी. म्हातारपणी एकट्याने राहणाऱ्या माणसाचा मात्र तो आठवड्यातला एक दिवस असतो.

आता या सेवेमागच्या गणिताकडे वळू, कारण ट्राम हे त्या गणिताचे फक्त दिसणारे टोक आहे. तोयामा हे मोटारींचे शहर आहे. १९९९ च्या पाहणीत दर १०० फेऱ्यांपैकी ७२ मोटारीने होत होत्या. जमीन सपाट, रस्ते रुंद, स्वतःचे घर बांधण्याची हौस देशात अव्वल. त्यामुळे शहर पसरत गेले आणि दाट वस्तीच्या पट्ट्यातही हेक्टरमागे जेमतेम ४० माणसे उरली, जपानच्या प्रांतिक राजधान्यांमध्ये सर्वांत कमी. माणसे वाढत असतात तोवर असे पसरणे खपून जाते. माणसे घटू लागली की प्रत्येक गटार, प्रत्येक दिवा आणि हिवाळ्यात बर्फ काढण्याचा प्रत्येक मीटर रस्ता कमी डोक्यांवर वाटला जातो. त्यात २००५ मध्ये आसपासच्या सहा नगरांचे व गावांचे विलीनीकरण होऊन महापालिकेचे क्षेत्र १,२४० चौरस किलोमीटरांहून मोठे झाले. समुद्रापासून थेट तीन हजार मीटर उंचीच्या डोंगरांपर्यंत. लोकसंख्या मात्र चार लाख एकवीस हजार.

यावर महापालिकेने काढलेल्या चित्राचे नाव ‘दांगो आणि काडी’. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे काडीला टोचून विकतात, तो जपानी रस्त्यावरचा खाऊ. काडी म्हणजे ट्राम, रेल्वे आणि भरपूर फेऱ्यांची बस. गोळे म्हणजे थांब्याभोवती चालत फिरता येईल एवढी वस्ती. रेल्वे किंवा ट्रामच्या थांब्यापासून ५०० मीटर आणि बसथांब्यापासून ३०० मीटर, अशी त्यांनी गोळ्याची व्याख्याच ठरवून टाकली. एकच मध्यवर्ती भाग दाट करू आणि बाकीचे सोडून देऊ, असे हे चित्र म्हणत नाही; विलीन झालेल्या जुन्या गावांनाही आपापला गोळा मिळतो. राजकीयदृष्ट्या हे चतुर होतेच, पण मला ते न्यायाचेही वाटते. त्या गोळ्यांत राहायला येणाऱ्यांना अनुदान मिळते : मध्यवर्ती भागात घर घेणाऱ्यास ५ लाख येनपर्यंत, काड्यांच्या कडेच्या पट्ट्यात ३ लाख येनपर्यंत. बाहेर राहणाऱ्यावर बंदी नाही, दंड नाही. कोणाला घराबाहेर काढण्याची सत्ता महापालिकेकडे नाही आणि तिने ती मागितलेलीही नाही. जो येईल त्याचे भले करायचे आणि बाकीच्यांच्या मुलांची वाट पाहायची, असा हा कार्यक्रम आहे. म्हणून तो संथ आहे. २००५ मध्ये २८ टक्के लोक अशा पट्ट्यांत राहत होते. वीस वर्षांत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर न्यायचे, एवढेच उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्याकडच्या आराखड्यांतील उद्दिष्टांची सवय असलेल्याला ते फारच बेताचे वाटेल. पण गाठण्यासाठी ठेवलेले उद्दिष्ट बेताचेच असते.

दक्षिणेच्या बाजूला शहराच्या मध्यभागी फिरणारा वर्तुळाकार मार्ग म्हणजे सेंट्राम. १९७० च्या दशकात काढून टाकलेल्या रुळांची आठवण बुजत आलेली असताना जेमतेम एक किलोमीटर नवे रूळ टाकून डिसेंबर २००९ मध्ये हे वर्तुळ पूर्ण केले गेले. रूळ आणि गाड्या महापालिकेच्या, चालवणे खासगी कंपनीचे. भांडवलाचा बोजा कंपनीवर नाही आणि रोजच्या कारभाराची डोकेदुखी महापालिकेवर नाही. पांढरी, रुपेरी आणि काळी अशा तीन देखण्या गाड्या आहेत. मात्र प्रवासी म्हणून माझी इथे एक तक्रार आहे : सेंट्राम एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरते. जाताना दोन थांबे असतील तर येताना उरलेले सगळे वर्तुळ. तरुण माणूस सरळ चालत परततो, पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यांना ते कसे जमावे?

या वर्तुळावर दोन ठिकाणी अवश्य उतरावे. पहिले ग्रँड प्लाझा, दोन इमारतींमधला उंच काचेच्या छताचा चौक, २००७ साली खुला झालेला. वर्षाचे कित्येक महिने पाऊस-बर्फ असलेल्या गावात छत असलेला सार्वजनिक चौक म्हणजे काय चीज आहे, हे कोकणातल्या माणसाला लगेच कळते. तिथे काहीही विकत न घेता बसता येते. शाळकरी मुले गृहपाठ करीत असतात, कोणी डबा उघडून जेवत असते. दुसरे ठिकाण किरारी ही इमारत. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेवर केंगो कुमा यांनी रचलेली, २०१५ मध्ये उघडलेली, आत शहराचे ग्रंथालय आणि काचकलेचे संग्रहालय. तिरक्या उभ्या पोकळीत देवदाराच्या फळ्या लटकलेल्या आहेत आणि मजले चढत जाताना एका हाताला पुस्तके, दुसऱ्या हाताला काचेची भांडी दिसत राहतात. व्यापार गेला तिथे ग्रंथालय आणून माणसे परत आणणे ही युक्ती नवी नाही, पण इथे ती जमली आहे.

याच परिसरातल्या छत घातलेल्या जुन्या बाजारपेठेत मात्र कितीतरी दुकानांची शटरे भरदुपारी खाली असतात, हेही लिहायला हवे. ट्रामने माणसे आणली, परंतु शहराबाहेरच्या मोठ्या मॉलचे मोफत वाहनतळ तिला हटवता आलेले नाहीत. खरेदीला मोटारीनेच जायचे आणि फिरायला ट्रामने यायचे, अशी विभागणी झालेली दिसते.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठीचा ‘ओदेकाके’ पास हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. हा पास दाखवला की सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत महापालिका हद्दीतून कुठूनही १०० येनमध्ये प्रवास करता येतो. अट एकच : प्रवासाचे एक टोक मध्यवर्ती भागात असले पाहिजे. डोंगरातल्या वस्तीवरून तासभर बसने आलेल्या आजीबाईंना जेवढे भाडे, तेवढेच दोन थांबे अलीकडून आलेल्या आजोबांना. वेळेची अट गर्दी टाळते आणि टोकाची अट वृद्धांना नकळत मध्यभागी आणून सोडते. आपल्या एसटीने ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास दिला आहे, आणि तो मनाचा मोठेपणाच आहे. परंतु कोणी, केव्हा, कुठे जावे याविषयी त्या सवलतीला काही म्हणायचे नाही, तोयामाच्या पासला आहे. शहरात एका बंद झालेल्या प्राथमिक शाळेच्या जागेवर २०११ मध्ये ज्येष्ठांसाठी गरम झऱ्याच्या पाण्याचे व्यायामकेंद्र उभारले आहे. शाळा रिकामी पडली म्हणून हळहळण्यापेक्षा, पट कोणाचा वाढतो आहे ते पाहून तिथे त्यांची सोय केली, हा कारभार मला फार आवडला.

ही किंमत योग्य आहे का, हे ठरवताना शेजारची दुकानेही पाहावी लागतात. उत्तर जपानमधल्या आओमोरी शहरानेही तोयामाच्या आधीपासून आटोपशीर शहराचा नारा दिला होता, बर्फ काढण्याचा खर्च हेच कारण सांगून. तिथे २००१ मध्ये स्थानकासमोर आउगा नावाची बहुमजली इमारत उभी राहिली : तळघरात मासळीबाजार, मधल्या मजल्यांवर दुकाने, वर ग्रंथालय. दुकाने चालली नाहीत, कर्ज वाढत गेले, २०१७ मध्ये व्यापारी मजले बंद पडले आणि अखेरीस महापालिकेची कार्यालयेच तिथे हलवावी लागली. एका इमारतीवर सगळी मदार ठेवण्याचा तो परिणाम. होक्काइदो बेटावरच्या युबारीची गोष्ट आणखी कडू. कोळशाच्या खाणींच्या भरभराटीत एक लाखाहून अधिक वस्ती असलेले हे गाव २००७ मध्ये दिवाळखोरीत निघाले, आणि पुढे तिथल्या महापौरांनी स्वतःहून रेल्वे कंपनीकडे जाऊन सांगितले की आमचा फाटा बंद करा, मोबदल्यात बससेवेला मदत करा. तो फाटा २०१९ मध्ये बंद झाला. युबारीने काडी मोडून गोळा वाचवला; पर्याय नव्हता, आणि निदान घासाघीस तरी हुशारीने केली. तोयामाने हातात पैसा आणि माणसे असतानाच सुरुवात केली, हा त्यांच्यातला खरा फरक आहे.

हे सगळे करूनही तोयामाची लोकसंख्या घटतेच आहे. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे चार लाख चौदा हजार होती. ट्रामने जन्मदर वाढत नाही. मध्यवर्ती भागात राहायला येणारे वाढले, जमिनीचे भाव सावरले, त्यातून येणाऱ्या मालमत्ता करावर काड्यांपासून दूरच्या वस्त्यांतील सेवा चालतात, हे महापालिकेचे म्हणणे मला पटते. तरीही ज्या घरापासून थांबा तीन किलोमीटरांवर आहे आणि ज्या घरातील एकमेव वाहनचालक ऐंशीच्या घरात आहे, त्या घरासाठी या सेवेकडे आज फारसे उत्तर नाही. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरे रिकामी आढळली. त्यांतली बरीचशी अशाच जागी असणार.

मी हे परीक्षण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना समोर ठेवूनही लिहितो आहे. २००१ ते २०११ या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. आपल्या गावांत कुलूपबंद घरे आहेत, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी. तरी आपल्या नगरपरिषदांचे विकास आराखडे आजही वाढीव लोकसंख्येच्या अंदाजावरच रस्ते रुंद करतात आणि आरक्षणे टाकतात. काडी आपल्याकडे आयती आहे, कोकण रेल्वेची; पण राजापूर रोड स्थानकावर उतरलेल्या माणसाला राजापूर गाठायला पुन्हा रिक्षा शोधावी लागते, आणि गोळे काडीपासून लांब महामार्गाच्या कडेला वाढत आहेत. घट मान्य करणे म्हणजे हार मानणे, अशी आपली समजूत असल्याने हा विषय सभागृहात निघतच नाही.

अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या मंडळींना एक सूचना. बहुतेक शिष्टमंडळे स्थानक, ग्रँड प्लाझा आणि किरारी पाहून, छायाचित्रे काढून दुपारच्या गाडीने परततात. त्याऐवजी ताकायामा मार्गाने दक्षिणेला यात्सुओपर्यंत जावे. हा मार्ग आजही जेआरचाच आहे. पण २००६ पासून महापालिकेने स्वतःचे पैसे घालून तिथे जादा फेऱ्या चालवून पाहिल्या आणि त्या प्रयोगातून २००८ मध्ये फुचू-उसाका हे नवे स्थानकही निघाले. तिथे देखणी ट्राम नाही, काचेचे छत नाही. साधा फलाट आणि साधी डिझेल गाडी आहे. आपल्याला परवडण्याजोगा भाग तोच आहे. हिवाळ्यात गेलात तर बूट जाड घाला, आणि दुपारी दोननंतर निघा, म्हणजे बाजारहाट करून परतणारी मंडळी भेटतील.